दोन अक्षरांत न मावणारा उपवास

विमानातील विशेष आहाराची नोंद चार रोमन अक्षरांत केली जाते आणि त्यांपैकी शेवटची दोन, म्हणजे 'एम' आणि 'एल', ही बहुधा 'मील' या शब्दावरच खर्ची पडतात. त्यामुळे प्रवाशाचा धर्म, पंथ, प्रकृती आणि घरचे वळण या साऱ्यांसाठी मिळून दोनच अक्षरे शिल्लक राहतात. 'व्हीजे' म्हणजे जैन, अर्थात कांदा, लसूण, बटाटा आदी जमिनीखालचे सारे वगळलेले. 'डीबी' म्हणजे मधुमेही. 'बीएल' म्हणजे तिखट-मसाला काढून टाकलेले, ज्यासाठी मराठीत 'मिळमिळीत' हा नेमका शब्द उपलब्ध आहे. आणि 'एचएन' म्हणजे हिंदू, ज्यात गोमांस नसते, मात्र कोंबडी किंवा बोकड असू शकतो. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या माळकरी आजींच्या वतीने भाचा मोठ्या श्रद्धेने 'हिंदू' या शब्दावर बोट ठेवतो आणि अरबी समुद्र ओलांडण्याच्या आत त्यांच्यापुढे कोंबडीचा रस्सा येतो, तेव्हा चूक कोणाचीच नसते, कारण कोडाचा अर्थ कोडाला ठाऊक असतो आणि आजींना फक्त त्यांचा धर्म ठाऊक असतो.

या वर्गीकरणाचे मूलतत्त्व वजाबाकी हे आहे. प्रवासी काय खातो याच्याशी त्याला कर्तव्य नसून, काय खात नाही एवढेच ते विचारते, आणि सर्व वर्ज्य पदार्थ काढून घेतल्यावर जे उरते त्याला आहार म्हणते. नेमका येथेच मराठी उपवास या व्यवस्थेत बसत नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीने सूचित केल्याप्रमाणे मराठी उपवास ही बेरीज आहे: साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची जिरे घालून केलेली भाजी, आणि हे सारे पोटात गेल्यानंतर 'काही खाल्लं नाही सकाळपासून' हे वाक्य. त्यातील साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि मिरची ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातील असून समुद्रमार्गे येऊन आपल्या देवघरापर्यंत पोहोचली, हा इतिहास लक्षात घेता त्यांना परतीच्या विमानात जागा मिळू नये, हे कृतघ्नपणाचे लक्षण मानावे लागेल.

उपवासासाठी नवा कोड मागावा, तर 'यूपी' ही दोन अक्षरे सुचतात आणि ती वाचून कोणी पुरी-कचोरी पाठवील, ही भीती रास्त आहे. शिवाय कोथिंबीर काही घरांत चालते आणि काही घरांत चालत नाही, भेंडीवरून सख्ख्या जावांचे पटत नाही, म्हणजे एका कोडाखाली घराण्यागणिक पोटकोड काढावे लागतील. त्यातही संकष्टी चतुर्थी, म्हणजे चंद्रोदयानंतरच सोडायचा उपवास, हे प्रकरण अत्यंत बिकट आहे. रात्री मुंबईहून लंडनकडे निघालेले विमान पश्चिमेकडे, म्हणजे चंद्रापासून दूर पळत असते, त्यामुळे जमिनीवर नऊच्या सुमारास होणारा चंद्रोदय पुढे पुढे सरकत जातो. उलटपक्षी पस्तीस हजार फुटांवर क्षितिज खाली गेलेले असल्याने तोच चंद्र काही मिनिटे आधीही दिसावयास हवा, आणि या दोहोंची गोळाबेरीज कोणत्या पंचांगाने करावी हे कोणीही सांगत नाही. बरे, चंद्र उगवणार पूर्वेला, म्हणजे विमानाच्या शेपटीकडे, जिकडे शौचालये असतात आणि खिडकी नसते. डाव्या बाजूच्या प्रवाशाला दिसलेला चंद्र उजव्या बाजूच्या प्रवाशाला चालतो का, पंखावरचा लुकलुकता दिवा चंद्र समजून मोदक खाल्ला तर प्रायश्चित्त कोणते, आणि चंद्रदर्शन होईपर्यंत जेवणाची ढकलगाडी थांबवून ठेवण्याची तरतूद कोणत्या नियमात आहे, या प्रश्नांना उत्तर म्हणून प्रवाशाला मिळते ते एवढेच: 'सर, ट्रे टेबल बंद करा.'

या साऱ्याला विनोद म्हणून सोडून देता आले असते, जर नोंदवलेले जेवण तरी खरोखर आले असते. प्रवाशाने चोवीस तास आधी नोंद करावी, अशी सर्वसाधारण अट असते; तो ती पाळतो. पुढे ऐनवेळी विमान बदलते, आसनक्रमांक बदलतो, आसनक्रमांकाचे स्टिकर लावलेला ट्रे भलत्याच्या मांडीवर जातो, तो 'भारी आहे' म्हणत जैन राजमा संपवतो, आणि मूळ मालकाला सांगण्यात येते की त्याचे जेवण 'लोड' झालेले नाही, म्हणजे जमिनीवरून विमानात चढवलेलेच नाही, चिकन मात्र आहे. भाड्याचे पैसे न चुकता चढतात, सामानाच्या जादा किलोचे चढतात, खिडकीजवळच्या आसनाचे वेगळे चढतात. चढत नाही ती फक्त दोन चमचे भाजी! आणि कोणताही कोड असो, मधुमेही असो वा शाकाहारी, त्या झाकणाशेजारी तो गार, गोल, दगडासारखा पाव हमखास असतो, जो कोणी मागितलेला नसतो, कोणी खाल्लेला नसतो आणि जो बहुधा त्याच विमानाने परत येऊन पुढच्या एकादशीस नव्याने वाढला जातो. माणसाच्या श्रद्धेला दोन अक्षरे देणाऱ्यांनी या पावाला संपूर्ण ट्रेचा चौथा हिस्सा द्यावा, ही शुद्ध मस्ती आहे.

तथापि निःपक्षपाती अभ्यासकाला एक गोष्ट मान्य करावी लागते. पिढ्यान्पिढ्या कीर्तनकारांना जे साधले नाही ते या व्यवस्थेने नऊ तासांत साधले आहे: खिचडी नाही, वरई नाही, केळेसुद्धा नाही, आणि समोर दोनशे मिलिलिटरची पाण्याची बाटली. मराठी माणसाकडून खराखुरा उपवास घडवून आणणारी ही आजची एकमेव यंत्रणा असून, 'काही खाल्लं नाही सकाळपासून' हे वाक्य तिच्याच कृपेने प्रथमच खरे ठरले आहे.