डेमोकाका

डेमोकाकांसमोर कुठल्याही बँडच्या कुठल्याही गाण्याचं नाव काढा, ते म्हणणार, "हां, पण त्याचा डेमो ऐकलायस का?" आपण ऐकलेला नसतो. ऐकणार कुठून? तो बाजारात आलेलाच नसतो आणि काकांच्या लेखी तीच त्याची थोरवी. दुकानात मिळायला लागलेलं गाणं त्यांच्यासाठी संपलं, ते लोकांचं झालं. खरं गाणं कसं असावं, तर स्टुडिओत भांडणं होऊन अर्धवट राहिलेलं, कंपनीनं नको म्हटलेलं आणि आजमितीला जगात फक्त चार माणसांकडे असलेलं. त्या चारांतले एक काका असतात. उरलेल्या तिघांशी त्यांचं बोलणं नसतं.

वय एकसष्ट. मागे जेमतेम रबर बसेल एवढी शेंडी, पुढे सगळं मैदान. अंगात एके काळी काळा असलेला टी-शर्ट. त्यावरची अक्षरं धुऊन धुऊन गेली आहेत, तरी ती कुठल्या दौऱ्याची हे काका न विचारता सांगतात. व्हीआरएसच्या पैशातून त्यांनी मुळशीत, पौडच्या पुढे, दहा गुंठे जागा घेतली आणि त्यावर पत्र्याचं घर बांधलं. जागा विकणाऱ्यानं 'लेक व्ह्यू' म्हणून सांगितली होती. धरणाचं पाणी खरोखरच दिसतं, पण त्यासाठी टाकीवर चढावं लागतं. दर पावसाळ्यात एका शनिवारी तिथे 'ऐकायला' म्हणून आम्ही जमतो. गेली नऊ वर्षं जमतोय. आजवर सलग तीन गाणीही ऐकून झालेली नाहीत.

याचं कारण बरोबर येणारा मशीनवाला. काका लेड झेपलिन या बँडचे, तर हा आपल्या मुंबईच्या रॉक मशीनचा. १९८४ साली निघालेल्या या बँडनं १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं, ते मशीनवाल्यानं अजून मान्य केलेलं नाही. काही लोक आजही व्ही.टी.चंच तिकीट मागतात, त्यातला प्रकार. १९८८चा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा अल्बम म्हणजे त्याची ज्ञानेश्वरी. पुढे यातली काही मंडळी पुन्हा एकत्र आली, २०१२ साली त्यांनी 'इव्हॉल्व्ह' काढला. समीक्षकांनी वाहवा केली. मशीनवाला म्हणाला, "चांगला आहे. पण हे कोण आहेत?"

वाद चांदणी चौकातच सुरू होतो. भूगावच्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो, पिरंगुटचा घाट येईपर्यंत एकाचा घसा बसलेला असतो. गाडीत गाणी लावायला बंदी आहे, कारण मोटारीत ऐकणं हा काकांच्या मते संगीताचा अपमान आहे. घरी आल्यावर आधी चहा लागतो, मग भजी, मग बँडचा कुठला काळ खरा याचा निवाडा आणि तोवर वीज जाते. याच मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते आणि मुंबईत दिवे लागतात. या धरणापायी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. आम्ही भोगतो तो फक्त अंधार, तोही इन्व्हर्टर संपल्यावर.

काकांच्या आयुष्यातलं दुःख मात्र खरं आहे, त्याला हसू नये. झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ साली मुंबईत आले. इथल्या वादकांना घेऊन, तबला आणि व्हायोलिनांच्या ताफ्यासह, त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच दोन गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. एका रात्री कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोथेकमध्ये जाऊन तिथल्या बँडची वाद्यं उचलून वाजवलीसुद्धा. आणि त्याच वर्षी काकांची मुंज झाली, सदाशिव पेठेत. "जिमी पेज कुलाब्यात गिटार वाजवतोय," काका सांगतात, "आणि मी इथे लंगोटी लावून भिक्षा मागतोय." आता या बैठकीतल्या प्रत्येकाकडे स्वतःची स्लिप डिस्क आहे, पट्ट्यासकट. पण ती वेगळी.

त्या रात्री 'स्लिप डिस्क'मध्ये आम्ही होतो असं सांगणारे इतके लोक मला भेटलेत, की तेवढे बसवायचे तर आझाद मैदान घ्यावं लागलं असतं. यात नवल नाही, आपल्याकडे ही जुनी चाल आहे. ८ जुलै १९२१ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त 'मानापमान' झाला. त्या रात्रीची तबकडी नाही, म्हणूनच कोण सरस ठरलं याचा निकाल गेली शंभर वर्षं घरोघर लागतो आहे. काकांचे वडील कट्टर गंधर्वांचे, तेही 'एकच प्याला'पर्यंतच्या. "१९१९ नंतर ते राहिलं नाही," असं ते ठामपणे सांगत. वडिलांचा जन्म १९३०चा. काकाही झेपलिनचा १९७१चा चौथा अल्बम ही उतरणीची सुरुवात धरतात, तेव्हा ते सात वर्षांचे होते. घराणं एकच, फक्त टी-शर्ट बदलला.

त्या मुंबईच्या ध्वनिमुद्रणाची चोरटी प्रत कुणाच्या तरी मावसभावाकडून काकांना कॉलेजात मिळाली. प्रतीची प्रत, तिचीही प्रत. भरून घ्यायला कोरी कॅसेट नव्हती, तेव्हा काकांनी वडिलांची उचलली. रेडिओवरून भरलेली नाट्यगीतं होती तिच्यात. वडिलांनी खबरदारी म्हणून कॅसेटच्या पाठीवरचा तुकडा मोडून ठेवला होता. काकांनी त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. वडील पंधरा दिवस बोलले नाहीत.

ही कॅसेट मी ऐकली आहे. नव्वद टक्के खरखर. त्या खरखरीच्या पलीकडे, शेजारच्या वाड्यात कुणी दार लावून तबला वाजवावा तसं काहीतरी. पण शेवटी एक चमत्कार आहे. गाणं संपतं, खट् असा आवाज येतो आणि आठ-दहा सेकंद ऑर्गनचे भरघोस सूर ऐकू येतात. झेपलिनमध्ये ऑर्गन वाजवणारा एकच, जॉन पॉल जोन्स. मुंबईत पेज आणि प्लांट दोघेच आले होते, असं सगळं जग मानतं. काका मानत नाहीत. जोन्स गुपचूप आला होता आणि त्याचा पुरावा जगात एकाच ठिकाणी आहे, काकांच्या कपाटात, नॅप्थलिनच्या गोळीशेजारी.

२०१५च्या जुलैत 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत ती दोन्ही गाणी अधिकृतपणे बाहेर पडली. स्वच्छ, लखलखीत, आम्ही सगळे खूश. काका सुतकात. त्रेचाळीस वर्षं दडून राहिलेलं आता कुणाही सोम्यागोम्याच्या मोबाइलवर. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "ऐकलं. आत्मा गेला. खरखर काढून टाकली त्यांनी." थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "आणि शेवटचा ऑर्गन कापलाय. बघ आता."

कपाटातल्या पुराव्याचं मोल त्या दिवसापासून दुप्पट झालं.

नव्या पोरांशी काकांचं जमत नाही. २०२२ साली 'वीकेंडर' महोत्सव मुळशी तालुक्यातच, नांद्याला भरला, तेव्हा ते घडीची खुर्ची घेऊन गेले होते. झेपलिनचा टी-शर्ट घातलेल्या एका मुलाला त्यांनी अडवून ड्रमरचं नाव विचारलं. "अंकल, हा मॉलमध्ये घेतला," तो म्हणाला. काका खुर्ची मिटून परत आले.

गेल्या पावसाळ्यातला शनिवार. ताम्हिणीकडून पाऊस नुसता लोटत होता, इन्व्हर्टरनं मान टाकली होती. काकांनी जुना टू-इन-वन काढला, त्यात सहा जाडे सेल भरले. कॅसेटची फीत सैल होती, ती पेन्सिल घालून चार आटे फिरवली. जागा राखणारे मामा आंबेमोहोराचा भात झाकून ठेवून दाराशी येऊन टेकले. मामा सत्तरीचे, गावच्या भजनात चाळीस वर्षं पेटीवर.

बटण दाबलं. पत्र्यावर पावसाची खरखर, आत फितीची. यातली कुठली कुठली हे एकटे काका डोळे मिटून सांगत होते. "आता तबला... ऐका, आता व्हायोलिन्स उठतायत..." आम्हाला पाऊस उठलेला ऐकू येत होता. मशीनवाल्यानं दोनदा तोंड उघडलं, काकांनी हात वर करून ते मिटवलं. शेवटी खट् झालं आणि ते सूर आले. काकांच्या चेहऱ्यावर मुंजीतल्या बटूचा भाव.

"पायपेटी हाय जणू," मामा म्हणाले.

कुणी बोलेना.

"आमच्या आज्याच्या येळंला नाटकवाल्यांकडं असायची. पायानं भाता मारायचा. गंधर्वाचं पद हाय हे, साहेब. बाई आत्ता तोंड उघडंल बघा."

मी काकांकडे बघायचं टाळलं. मशीनवाल्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. त्याला हवी होती ती संधी नऊ वर्षांनी चालून आली होती, पण त्यानं ती घेतली नाही. १९९३ सोसलेल्या माणसाला काही गोष्टी समजतात.

काकांनी कॅसेट मागे घेतली, पुन्हा ऐकली. मग तिसऱ्यांदा. मग खिशातली वही काढून विजेरीच्या उजेडात लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "पायपेटी. जोन्स. मुंबई, १९७२." आमच्याकडे बघून म्हणाले, "तरीच सापडत नव्हतं. मी ऑर्गन, ऑर्गन म्हणून शोधत होतो. मुंबईत येऊन त्यानं आपली पायपेटी उचलली!"

"तसं बी आसंल," मामा म्हणाले.

काकांनी कॅसेट डबीत घातली, डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला गाठ मारली.

"बाहेर बोलायचं नाही," ते म्हणाले. "हे आता आपल्या चौघांनाच ठाऊक आहे. मामा, भात वाढा."