दारिंग सर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत सकाळी सातला, जिन्याखालच्या चपला मोजून हजेरी लावणारे मास्तर मी एकच पाहिले. चार जोड दिसले की वर येत आणि दारातूनच ओरडत, "सलामात पागी!" पहिल्या दिवशी आम्ही चौघे गप्प. "अहो, सलामत तर तुमचंच आहे. पागी म्हणजे सकाळ. इथं घोड्यांचा संबंध नाही."

चौघे म्हणजे बालीतल्या हॉटेलात नोकरी बघणारा एक पोरगा, लेक जाकार्तात असलेल्या एक काकू, मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी (हे का येत, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही) आणि सहलीचे पैसे भरून बसलेला मी. सर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. गळ्यात तुळशीची माळ, हातात मुलानं दिलेला टॅब. इंडोनेशियाला ते कधीच गेले नव्हते. "नेट असताना जायचं कशाला?" असं विचारायचे. मग नेट असताना तुमच्याकडं तरी यायचं कशाला, हे विचारायची आमची छाती नव्हती.

फळ्यावर त्यांनी पहिला शब्द लिहिला 'दारिंग'. काकू लाजल्या. सर मात्र गंभीर. "दालाम जारिंगान, म्हणजे जाळ्याच्या आत. दोन्हींचे तुकडे जोडून दारिंग, म्हणजे ऑनलाइन. ऑफलाइनला लुरिंग. आपण अजून उसन्यावर भागवतोय, ते बारसं करून मोकळे!" त्या दिवसापासून सर आमच्यापुरते दारिंग सर झाले. अर्थात त्यांच्या माघारी.

त्यांची पद्धत ठरलेली. शब्द दिसला की आधी संस्कृतावरून ओळखायचा, मग 'कामुस बेसार' उघडायचा. हा तिकडचा अधिकृत मोठा कोश. १९८८ साली छापून आला, आता नेटवर फुकट आहे. 'नामा' म्हणजे नाव, 'कारेना' म्हणजे कारण, 'सुआमी' म्हणजे नवरा. सरांची छाती फुगायची. "अर्धी तर आपलीच आहे हो!"

मग आला 'चिंता'. आम्ही एका सुरात म्हणालो, काळजी. कोश म्हणाला, प्रेम. सरांनी टॅबकडे असं पाहिलं, जणू वर्गातल्या हुशार मुलानं पेपरात माती खाल्ली. पुढचा शब्द 'बिचारा', मूळ संस्कृत 'विचार', पण अर्थ बोलणं. "विचार तिथवर पोचेपर्यंत नुसतं बोलणंच उरलं," सर पुटपुटले. गुळवाले म्हणाले, "हितं तरी काय येगळं हाय, सर?" 'दोसा' म्हणजे पाप निघाल्यावर हॉटेलवाल्या पोरानं वही मिटली. "मग नाश्त्याला मागायचं काय?"

पण एका गोष्टीत सरांचं पाणी दिसलं. इंडोनेशियनमध्ये 'कामी' आणि 'किता' असे दोन शब्द. हा फरक समजावताना इंग्रजी पानं घाम गाळतात. सरांनी तो अर्ध्या मिनिटात उरकला. "कामी म्हणजे आम्ही, किता म्हणजे आपण. झालं. मराठी माणसानं हे इंग्रजीतून वाचलं तर तो करंटा!" अनुवादाचं यंत्र वाटेत इंग्रजीच्या नाक्यावर थांबलं, की दोघांचाही एकच 'वी' होतो. म्हणून यंत्र वर्ज्य. कोशात एकेक शब्द शोधायचा आणि तिकडच्या कुणाशी तरी रोज एक वाक्य बोलायचं, हा गृहपाठ.

पोरानं तो मनावर घेतला. रश्श्यातला तांबडा म्हणजे 'मेराह', पांढरा म्हणजे 'पूतिह'. आणि जावातल्या एका मुलाला त्यानं लिहिलं की आम्ही दर रविवारी मेराह-पूतिह पितो. बराच वेळ काही आलं नाही. मग दोनच शब्द आले, 'बेंदेरा कामी?'

सरांनी टॅब डोळ्यांजवळ नेला. बेंदेरा म्हणजे झेंडा. मेराह-पूतिह हे त्यांच्या राष्ट्रध्वजाचं नाव. वर लाल, खाली पांढरा. दर १७ ऑगस्टला ज्याला सलाम ठोकतात, तो आमचा पोरगा दर रविवारी ओरपतो म्हणाला होता.

पोरगं पांढरं पडलं. सर मात्र हरखलेले. "बघितलंस? 'कामी' लिहिलंय, 'किता' नाही! झेंडा त्यांचा, त्यात आपण नाही. काय चपखल वापर आहे!"

गुळवाल्यांनीच शेवटी 'कुआह' म्हणजे रस्सा हा शब्द शोधून काढला आणि दोन वाट्यांचा फोटो पाठवायला लावला. लगेच उत्तर आलं, 'कापान किता माकान?' कधी जेवायचं आपण?

"किता आला!" सर खुर्चीतून उठले.

"रविवारी या म्हणून लिही," गुळवाले पोराला म्हणाले. मग ते सरांच्या माळेकडं बघत थांबले. "सर, तुमी तर माळकरी. तुमाला कशात धरायचं? कामीत का कितात?"

सर बराच वेळ गप्प होते. मग माळ सदऱ्याच्या आत सारत म्हणाले, "त्याला लिहिताना किता लिही. मला सांगताना मात्र कामीच म्हणा."