पाण्यात म्हैस, वर मोल

बास्केटबॉलपटूची किंमत ठरवणं हे अमेरिकेत एक शास्त्र आहे म्हणे. एनबीएच्या संघांनी आकडेमोडीसाठी पगारी विद्वान बसवलेले असतात. वय, दुखापती, कराराची उरलेली वर्षं असं सगळं मांडून ते एक आकडा काढतात. मग व्यवस्थापक तो बाजूला सारतात आणि मनात येईल ते करतात.

चलन मात्र पक्कं: पहिल्या फेरीचा ‘पिक’, म्हणजे अमुक वर्षीच्या नवोदितांमधून खेळाडू उचलण्याचा हक्क. २०२२ मध्ये मिनेसोटाने रूडी गोबेअरसाठी युटाला पाच खेळाडू आणि असे चार पिक मोजले. शेवटचा २०२९ चा. त्या वर्षी निवडला जाणारा पोरगा सौद्याच्या वेळी सातवीत असेल. आपलं कार्टं गहाण पडलंय याची त्याच्या आईलाही खबर नसणार! पाण्यात म्हैस नि वर मोल म्हणतात, इथे तर रेडकूच पाण्यात. क्लीव्हलँडचे एकेकाळचे मालक टेड स्टेपियन यांनी हे हक्क असे उधळले, की लागोपाठच्या वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकायला लीगला बंदी घालावी लागली. नियमाला आजही त्यांचंच नाव आहे. अमर व्हायच्या वाटा अनेक.

आता डलासचा लुका डॉन्चिच. मे २०२४, मिनियापोलिस, पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना. डलास दोन गुणांनी मागे. समोर तोच चार पिकांचा गोबेअर, बचावातला बादशहा. लुकाने त्याला झुलवलं, एक पाऊल मागे घेतलं आणि तीन गुणांचा चेंडू बास्केटमध्ये टाकला. उरले तीन सेकंद. डलास १०९, मिनेसोटा १०८. पुढे डलास थेट एनबीएच्या अंतिम फेरीत.

आठ-नऊ महिन्यांत याच पंचविशीतल्या लुकाला डलासने लेकर्सना देऊन टाकलं. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात, पण तिथेही आधी चार गिऱ्हाइकांनी दात पाहिलेले असतात. डलासचे व्यवस्थापक निको हॅरिसन लेकर्सचे व्यवस्थापक रॉब पेलिंका यांच्याशी कॉफी पिता पिता बोलले आणि बाकीच्या बाजाराला पत्ताच लागू दिला नाही. बदल्यात बत्तिशीला टेकलेला अँथनी डेव्हिस, तरुण मॅक्स ख्रिस्टी आणि पिक किती? एक. तोही २०२९ चाच. बचावानेच विजेतेपदं मिळतात, असं कारण दिलं गेलं. डेव्हिस आला आणि बचाव पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. प्रेक्षक ‘निकोला हाकला’ म्हणून ओरडत होते, तेवढ्यात तिकिटंही महागली. तोट्याचा सौदा दाखवायचे पैसे जास्त, हे अर्थशास्त्र मात्र मानलं पाहिजे.

मग मे २०२५ मध्ये अवघी १.८ टक्के शक्यता असताना डलासला पहिल्या पिकची सोडत लागली आणि नवोदितांमधला कूपर फ्लॅग हाती आला. विद्वानांनी घालवलं ते पिंगपाँगच्या चेंडूंनी भरून दिलं. तरी नोव्हेंबरात हॅरिसन यांना नारळ मिळालाच. त्यांच्या बदल्यात कुणी दुसऱ्या फेरीचासुद्धा पिक देऊ केला नाही.