आद्यअण्णा

बेळगावात गल्ली तितके गणपती आणि गणपती तितके आद्यअण्णा. आद्यअण्णा म्हणजे गावात जे जे पहिल्यांदा आलं, ते ते सगळ्यांच्या आधी बघितलेला माणूस. वय पासष्टीच्या आसपास, नोकरी बँकेत, विम्यात नाहीतर कॉलेजच्या ऑफिसात झालेली, पेन्शन वेळेवर, साखर थोडी जास्त, आणि संध्याकाळी साडेपाचला टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे चहाच्या गाड्यावर हजर. गेट पडलं की अण्णा खुलतात. गाडी जाईपर्यंत अडकलेली माणसं हा त्यांचा हक्काचा श्रोतृवर्ग. त्यांचं नाव अण्णा असेलच असं नाही, पण मान द्यायचा तर हे संबोधन मराठीतही चालतं आणि कन्नडातही, त्यामुळे कुणाची हरकत येत नाही.

"अठ्ठेचाळीस के!" अण्णा बशी खाली ठेवत सुरुवात करतात. "मेगाबाईट न्हवं, केबी! काय समजलास? तुझ्या मोबाईलवर सकाळी सकाळी गुलाबाचं फूल येतंय बघ 'शुभ प्रभात' म्हणून, ते एक फूल त्यात मावलं नसतं. आणि आम्ही त्याच्यात आख्खा गेम खेळलो!"

हा अठ्ठेचाळीस के म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम. इंग्लंडात 1982 साली निघाला तेव्हा त्याच्या कळा रबरी होत्या. पुढं स्पेक्ट्रम प्लस आला, आणि 1986 पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं तो परवाना घेऊन भारतात विकायला काढला. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि गोदाम म्हणून घरचा टेपरेकॉर्डर. मशीन चालू केलं की आत काही नसायचंच. दर वेळी कॅसेटवरून सगळं नव्यानं भरायचं, आणि मध्येच करंट गेला की पुन्हा पहिल्यापासून. करंट तर जायचाच.

आमच्या भागात असलं एकच मशीन होतं, एका बँकेच्या साहेबांच्या घरी, त्यांच्या मुलासाठी आणलेलं. अण्णा तेव्हा कॉलेज संपवून नोकरीच्या शोधात होते आणि रेडिओ-टेप उघडून बसण्याचा त्यांना नाद होता. त्या घरात त्यांचा प्रवेश झाला तो या नादामुळे. 'जे'ची कळ दाबली की पडद्यावर आख्खा 'लोड' शब्द उमटायचा. मग दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि टेप सुरू. पुढची चार-पाच मिनिटं नुसती कर्कश किंचाळी, टीव्हीच्या कडेला निळे-पिवळे पट्टे, आणि श्वास रोखून बसलेली दहा पोरं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळं थांबायचं आणि खाली ओळ यायची, 'टेप लोडिंग एरर'. मग सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळायच्या. अण्णा खिशातून घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढायचे, टेपच्या हेडशेजारच्या स्क्रूला लावायचे, कान स्पीकरला चिकटवायचे आणि पाव आटा फिरवायचे. आवाज घोगरा असला तर हेड तिरकं, टोकदार खणखणीत झाला की सरळ. "आता टाक," म्हणायचे. आणि खरंच लोड व्हायचं. हे मात्र कबूल केलं पाहिजे. अण्णांच्या बाकी कथांना मी हमी देणार नाही, पण तो पाव आटा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

गंमत अशी, की त्या एका मशीनवर आज बाकड्यावरचे निदान डझनभर लोक हक्क सांगतात. "आमच्या घरी होता की!" असं म्हणणाऱ्यांची संख्या दर पावसाळ्यानंतर वाढते. सीमाप्रश्नात दावेदार दोनच आहेत, तरी महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. मग हा मशीनचा वाद कुठला मिटायला!

कॅसेटी फार नव्हत्या. त्यामुळे हाताला लागेल त्या कॅसेटवर गेमची कॉपी निघायची, आणि लेबल जुनंच राहायचं. अशी एक कॅसेट, वर 'भक्तिगीते' असं लिहिलेली, गणपतीत मंडळाच्या टेबलावर जाऊन बसली. दुपारच्या शांत वेळी कार्यकर्त्यानं ती लावली आणि भोंग्यातून जो काही आवाज निघाला, त्यानं कावळे उडाले. समोरच्या आजींनी "मेलं, कुणाला तरी करंट लागला" म्हणून धावत जाऊन मंडपाचा मेन स्विच पाडला. उलटा प्रकारही एकदा झाला. 'शोले'च्या संवादांची कॅसेट चुकून मशीनला लावली गेली. आवाजाची वायर मशीनमध्ये, त्यामुळे बाहेर शब्द ओळखू येईनात. आत गब्बर बोलत राहिला, मशीन ऐकत राहिलं. साऱ्या देशाला पाठ असलेले ते संवाद, पण मशीनला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. वीस मिनिटांनी अण्णांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

'शोले'चं नाव निघालं की अण्णांचा दुसरा खाना उघडतो. 15 ऑगस्ट 1975 ला आलेल्या या सिनेमाचा मूळ शेवट वेगळा होता: ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरला ते चालेना म्हणून पोलीस आणावे लागले. हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांचं म्हणणं एवढंच, की मूळ शेवट त्यांनी बेळगावात बघितलाय. "सेन्सॉरचा कागद मुंबईला पोचला, बेंगळूरला पोचला. आपण दोन्हीकडनं लांब. आपल्याकडं दोन दिवस उशिरा आला. त्या दोन दिवसांत मी बघिटलो!" कुठल्या टॉकीजला, याबाबतीत मात्र एक दिवस ग्लोब असतं आणि एक दिवस चित्रा.

2025 साली इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दुरुस्त केलेली प्रत त्या मूळ शेवटासकट दाखवली गेली. कुणीतरी ती बातमी आणून अण्णांना वाचून दाखवली. आम्हाला वाटलं, अण्णा खूश होतील. अण्णांनी चहा अर्धाच ठेवला. "म्हणजे आता कोणबी बघणार?" ते म्हणाले, आणि दोन दिवस गाड्यावर फिरकले नाहीत. परत आले ते तोडगा घेऊनच. "मी बघिटलेला शेवट आणखी वेगळा होता."

सिनेमाच्या बाबतीत त्यांना तोडीस तोड एकच माणूस, तो म्हणजे निपाणीकर. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहून रिटायर झालेले हे गृहस्थ रविवारी लाल बसनं लेकीकडं येतात आणि तिथून थेट गाड्यावर. निपाणीकरांच्या अंगात दोन राज्यं जन्मापासून भिनलेली. गाव कर्नाटकात, पण ज्या देवचंद कॉलेजात ते शिकले ते अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. "आम्ही लेक्चर बुडवलं तरी दुसऱ्या राज्यात जाऊन बुडवलं," असं ते ऐटीत सांगतात. कोल्हापूर त्यांना हाकेच्या अंतरावर, त्यामुळे 'प्रभात'वर त्यांचा वारसाहक्क. प्रभात फिल्म कंपनी 1929 ला कोल्हापुरात निघाली, 'अयोध्येचा राजा' 1932 ला तिथंच झाला, आणि 1933 ला कंपनीनं बिऱ्हाड पुण्याला हलवलं. या गोष्टीचा राग निपाणीकरांनी अजून सोडलेला नाही. स्वतः जन्मले त्याच्या सत्तावीस वर्षं आधीची ही गोष्ट, पण बोलतात असं की जणू सामान टेम्पोत चढवताना ते आडवे पडले होते.

"'संत तुकाराम' व्हेनिसला गेला 1937 ला," निपाणीकर बोट नाचवत म्हणतात. "कुणामुळं? कोल्हापूरच्या पाण्यामुळं!"

"सिनेमा पुण्यात काढला की रे!"

"पाणी अंगात होतं की!"

मग अण्णा रिट्झ काढतात. पु. ल. देशपांड्यांच्या 'गणगोत'मधले रावसाहेब, म्हणजे कृष्णराव हरिहर, हे बेळगावचे, आणि रिट्झ थिएटर त्यांचं. ते पुस्तक आल्यापासून बेळगावातल्या प्रत्येक अण्णाचे वडील रावसाहेबांचे जिवलग होते. ज्यांचे वडील त्या काळात खानापुरात शाळामास्तर होते त्यांचेसुद्धा. निपाणीकरांपाशी याला उत्तर नसतं, म्हणून ते कन्नड नट राजकुमारकडे वळतात. 'सनादी अप्पण्णा' 1977 चा, त्यातली सनई साक्षात बिस्मिल्ला खाँची. इथं दोघांचं एकमत होतं, आणि वाद थांबल्यामुळे ऐकणारे पांगायला लागतात. ते बघून अण्णा घाईघाईनं व्हायरसवर येतात.

नव्वदीच्या सुरुवातीला अण्णा एका कॉम्प्युटर क्लासात 'सिस्टिम बघायला' जायचे. क्लासचं नाव सांगत नाही, कारण तिथं शिकलेले आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत. खोलीला एसी, दाराशी चपलांचा ढीग. मशीनला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर, हे ठीक. पण पोरांची समजूत अशी की व्हायरस चपलेतून येतो. अण्णांनी ती कधी मोडली नाही. आत वर्डस्टार, लोटस, डीबेस, आणि सर चहाला गेले की 'डेव्ह'चा गेम. सव्वापाच इंची फ्लॉपीवर तीनशे साठ के मावायचं, आणि बेळगावच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरायची, म्हणून डब्यात एक डांबरगोळी. ही गोळी व्हायरसलाही चालते असं सांगणारे अण्णाच.

6 मार्च 1992. मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस त्या तारखेला जागा होऊन डिस्क पुसतो, अशी जगभर हूल उठली होती. अण्णांनी आदल्या संध्याकाळी क्लासातल्या सगळ्या मशीनची तारीख पुढं सरकवून 7 मार्च केली. उपाय खरा होता, जगभर लोकांनी तोच केला. पण अण्णांच्या सांगण्यात क्लास हळूहळू मोठा होत गेला. आधी सहा मशीन वाचली होती, मग टिळकवाडी वाचली, परवा परवा ऐकलं तेव्हा धारवाड जिल्ह्याचा काही भाग आत आला होता.

गेल्या डिसेंबरात गाड्यावर एक पाहुणा आला. बँकेच्या साहेबांचा तोच मुलगा, स्पेक्ट्रमचा मूळ मालक, न्यू जर्सीहून रजेवर. पन्नाशी ओलांडलेली, केस गेलेले, हातात बाटलीतलं पाणी. अण्णांनी त्याला बाकड्यावर मधोमध बसवला. डझनभर दावेदार जरा गप्प झाले.

"सांग की रे ह्यांना!" अण्णा म्हणाले. "तो पाव आटा!"

"कसला आटा, अण्णा?" पाहुणा म्हणाला. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. घरात काहीतरी काळं मशीन होतं, टीव्ही अडवल्याबद्दल आई ओरडायची, एवढंच. त्यावर काय खेळायचो, तेही आठवेना.

आम्हाला वाटलं, अण्णा खचणार. पण अण्णांचा चेहरा उजळला. अर्धा तास त्यांनी त्या माणसाला त्याचंच बालपण सांगितलं: कुठली खोली, टीव्हीवरचं क्रोशाचं कापड, आईनं दिलेले चिरमुरे, गब्बरची कॅसेट, आजींचा मेन स्विच. पहिल्या चहाला पाहुणा "असेल, असेल" म्हणत होता. दुसऱ्या चहाला "हो, हो!" म्हणायला लागला. आणि गेट उघडायच्या सुमाराला तोच निपाणीकरांना सांगत होता, "आम्ही हेड स्वतः ॲडजस्ट करायचो, काय?"

अण्णांनी ते 'आम्ही' मोठ्या मनानं सोडून दिलं.

"अण्णा," पाहुणा उठता उठता म्हणाला, "आई परवा म्हणत होती, माळ्यावर ते मशीन अजून आहे म्हणून. कॅसेटीपण. उद्या काढू या का? लावून बघू."

बाकड्यावर एकदम उत्साह पसरला. टेपरेकॉर्डर कुणाकडे आहे, जुना टीव्ही कुणाकडे आहे, याची चौकशी सुरू झाली. अण्णा तेवढे स्वस्थ.

"कशाला काढतोस?" ते म्हणाले. "राहू दे की माळ्यावर. आईला त्रास. आणि करंटचा काय भरवसा?" मग निपाणीकरांकडे वळून म्हणाले, "ते असू दे. तू 'सनादी अप्पण्णा' बघिटलास म्हणतोस, पण पहिल्या दिवशी बघिटलास का?"