मग पेशंटला काय?

आमची आत्या सिव्हिल हॉस्पिटलातून सिस्टर इन्चार्ज म्हणून रिटायर झाली. हॉस्पिटल सुटलं, पेशंट सुटले नाहीत. आता ते आम्ही आहोत. इतरांच्या आत्या दारातच "किती वाळलास रे" म्हणतात. आमची आत्या खाली वाकते, नडगीवर अंगठा दाबून धरते आणि खड्डा पडतो का बघते. पडला तर, "सूज आहे. उद्याच्या उद्या दाखवून ये." मग चहा.

माझी धाकटी चुलत बहीण बी.एस्सी. नर्सिंगला गेली आणि आत्याला नवी ट्रेनी मिळाली. पुस्तकावर 'अप्लाइड ॲनाटॉमी' छापलेलं बघून आत्या म्हणाली, "आमच्या वेळी नुसतीच ॲनाटॉमी असायची. अप्लाय करायला मेट्रनबाई लावायच्या." पोरगी रडकुंडीला आली होती. अंगात २०६ हाडं, मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हच्या १२ जोड्या, एकट्या मनगटात ८ हाडं! "आत्या, नर्सला एवढं सगळं लक्षात ठेवावं लागतं?"

"परीक्षेपर्यंत सगळं. पुढचं ड्यूटी ठरवते."

खुद्द आत्याला त्या आठांतली धड तीन नावं सांगता येत नाहीत आणि त्याचं तिला काडीचं दुःख नाही. कुठलंही नाव आलं की तिचा एकच सवाल: "मग पेशंटला काय?" उत्तर असेल तर ते नाव डोक्यात ॲडमिट, नसेल तर डिस्चार्ज. बारा जोड्यांतली तिसरी अशीच कायमची ॲडमिट आहे, कारण डोळ्यातली बाहुली आकसते ती तिच्यामुळे. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या डोळ्यांत टॉर्च मारली आणि एक बाहुली मोठी ती मोठीच राहिली, तर आत दाब वाढत असेल. "तिथं नर्व्हचं स्पेलिंग आठवत बसायचं नाही. डॉक्टरला उठवायचं. चिडला तर चिडू दे."

कमरेखालच्या इंजेक्शनचा तिचा पाठ तर सोसायटीतल्या बायकांनाही पाठ आहे. "मनात चार भाग पाडायचे. वरचा-बाहेरचा आपला. बाकीच्यांत जायचं नाही, तिथं सायटिक नर्व्ह आहे. तिला सुई लागली तर माणूस पाय ओढत चालेल." हे ती श्रीखंड वाढतानाही सांगू शकते. कोंबडीच्या तंगडीकडे बोट दाखवून "हा बघ टेंडन" म्हणाल्यापासून घरातल्या दोघांनी रविवारचं मटण-चिकन स्वतंत्र खोलीत खायला सुरुवात केली आहे. तान्ह्या पोराच्या हातात शेंगदाणा दिसला की झडप घालून काढून घेते: "उजवी श्वासनळी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते. दाणा तिकडेच घसरतो." दाणा देणारी आजी चार दिवस अबोला धरते.

एकदा तिने नस शोधायचं प्रात्यक्षिक माझ्यावर केलं. बहिणीची ओढणी माझ्या दंडाला आवळली, मूठ वळायला लावली आणि पोरगी डोळे फाडून हात बघायला लागली. "बघू नकोस, चाचप," आत्या म्हणाली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत कोपराच्या खळगीत बोट फिरवू लागली. "दाबली की दबते, सोडली की वर येते, ती व्हेन. ठणठण उडते ती आर्टरी, तिच्या नादाला लागायचं नाही. कडक दोरी लागते तो टेंडन. नस दिसायला नको, बोटाला लागायला हवी." पोरीने डोळे मिटले, बोट फिरवलं आणि एकदम किंचाळली, "लागली!" माझा हात निळा पडत चालला होता, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आतोबांची कथा वेगळीच. लग्नानंतर बायको रात्री हात हातात घेऊन आपल्याकडे टक लावून बघत बसते, याने ते अगदी हरखून गेले होते. पुढे एका रात्री कानावर आलं, "सोळा. नॉर्मल." ती श्वास मोजत होती. नाडीचा नुसता बहाणा. कारण श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस मुद्दाम श्वास घेतो. "तेव्हापासून," आतोबा म्हणतात, "मी झोपेतही शिस्तीत श्वास घेतो."

आम्ही वैतागतो, हे खरं. पण घरात कोणाला रात्री घाम फुटला की पहिला फोन डॉक्टरला जात नाही. आत्याला जातो. ती नाव विचारत नाही, आजार विचारत नाही. "श्वास कसा आहे? बोलतोय का? लघवी कधी झाली?" एवढं विचारते, आणि रिक्षा बोलवायची की अँब्युलन्स, हे तिच्या तिसऱ्या प्रश्नापर्यंत ठरलेलं असतं.

परवा एका साखरपुड्यात ट्रेनी आणि सिस्टर शेजारी बसल्या होत्या. मुलाने अंगठीसाठी हात पुढे केला. मंडळी त्याच्या घड्याळाकडे बघत होती. पोरगी हळूच म्हणाली, "आत्या, मनगटावरची व्हेन बघितलीस?"

"बघितली," आत्या म्हणाली. "सलाइनची हिरवी इंट्राकॅथ आरामात जाईल. स्थळ चांगलं आहे."