बादली ज्याची त्याची

पैसे मोजून माणूस काय करेल याचा अंदाज बांधणं आम्ही केव्हाच सोडलं. लोक पैसे मोजून उपाशी राहतात, पैसे मोजून मौन पाळतात, पैसे मोजून बर्फाच्या टबात बसतात. आता पैसे मोजून ओकतात. तेही घराजवळ नाही. पेरूच्या जंगलात, काळोखात, डझन-दीड डझन अनोळखी माणसांच्या संगतीत. प्रत्येकाच्या पुढ्यात एक गादी, टॉयलेट पेपरचा एक रोल आणि एक प्लास्टिकची बादली. आठवडाभराच्या मुक्कामाला हजार-दोन हजार डॉलर सहज लागतात, विमानभाडं वेगळं. बादली मात्र दरात धरलेली असते.

पेयाचं नाव आयाहुआस्का. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली एक जाड, पीळदार वेल ठेचायची, तिच्या जोडीला चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं घालायची आणि तासन्‌तास रटरट उकळून काढा आटवायचा. पानांत डीएमटी असतं, भास घडवणारं. पण नुसती पानं चघळून काही होत नाही, पोटातलं एक विकर त्याचा तिथल्या तिथे निकाल लावतं. वेलीतली हार्मिन, हार्मालिन ही द्रव्यं नेमकी त्याच विकराला गप्प बसवतात. एवढ्या अफाट जंगलात या वेलीची सोयरीक याच पानाशी जुळते, हे कुणाला कसं सुचलं? तिथले वैद्य म्हणतात, झाडांनीच सांगितलं. आमच्याकडे याहून बरं उत्तर नाही, तेव्हा या परिच्छेदापुरता तिरकसपणा बंद.

आता सुरू.

या धंद्यात अलीकडे एक नवा शिक्का आला आहे: ‘आदिवासींच्या नेतृत्वाखाली’. पूर्वी कॅलिफोर्नियातला कुणीही जटाधारी सहा महिने जंगलात राहून यायचा आणि शामन व्हायचा. त्याची हवा गेली. आता गिऱ्हाइकाला अस्सल माल हवा. म्हणून पुकाल्पा आणि इकितोसच्या आसपासच्या केंद्रांत शिपिबो-कोनिबो जमातीचे वैद्य बसवले जातात. उकायाली नदीकाठची ही जमात, तिच्यातल्या स्त्री-वैद्यही नावाजलेल्या. संकेतस्थळ उघडलं की पहिला फोटो अशाच एखाद्या आजीबाईंचा. नक्षीदार पोशाख, ओठात जंगली तंबाखूची जाड विडी, डोळे मिटलेले. खाली लिहिलेलं ‘माएस्त्रा’ आणि एकच नाव, आडनाव नाही. मग ‘संस्थापक’ या पानावर जावं. तिथे नाव, आडनाव, दोन पदव्या, पूर्वीची नोकरी, ती सोडण्यामागचं दुःख, ईमेल आणि पैसे भरायची लिंक. नेतृत्व गादीवर बसलेलं असतं, गल्ला दुसरीकडे असतो. खरोखर शिपिबो कुटुंबांनीच चालवलेली केंद्रंही आहेत, नाही असं नाही. पण त्यांचं इंग्रजी तुटकं आणि संडास साधे, मग गिऱ्हाईक बिचकतं.

आमचे एक स्नेही आहेत. मूळचे पुण्याचे, सध्या मुक्काम सॅन होजे. डोंगराएवढा पगार आणि त्याहून मोठा थकवा. ते जाऊन आले. तिकडून परतताना आईला भेटायला पुण्यात उतरले आणि आम्हाला चहाला बोलावलं. म्हणजे आम्हाला चहा, स्वतः गरम पाणी. दिएता चालू होती. दिएता म्हणजे तिकडचं पथ्य: मीठ नाही, साखर नाही, तेल-तिखट नाही, डुकराचं मांस नाही, दारू नाही, आणि इतरही काही नाही. तिथे उकडलेली हिरवी केळी आणि बिनमिठाचा नदीतला मासा खाऊन काढले दिवस, असं ते भक्तिभावाने सांगत होते. त्यांच्या आई शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “चातुर्मासात एक दिवस अळणी खा म्हटलं तर ताट सारायचा हा.”

रात्रीचं वर्णन मात्र त्यांनी झकास केलं. गोल, उंच, गवताने शाकारलेली मालोका. भिंतीला पाठ लावून सगळे बसलेले. एकेकाने पुढे जायचं, पेल्यात घोटभर काळपट काढा मिळतो, गुळगुळीत आणि कडूजहर, तो एका दमात गिळून जागेवर यायचं. मग मेणबत्ती विझते. अर्धा-पाऊण तास नुसते रातकिडे. मग कोपऱ्यात पहिली बादली वाजते. आणि त्यानंतर बाई गायला लागतात. या गाण्यांना इकारो म्हणतात. एकेका माणसासमोर बसून त्याचं त्याचं गाणं, उंच, थरथरता आवाज, अंगावर विडीचा धूर फुंकणं. “आपल्यासाठी कुणी असं इतका वेळ गायलंय का रे कधी?” स्नेह्यांचा आवाज तेव्हा खरोखर हलला होता. आम्ही कपात पाहिलं.

आता गंमत ऐका. शिपिबोंच्या जुन्या रीतीत हा काढा बहुतेक वेळा वैद्य प्यायचा. रोगी नुसता आडवा पडायचा. वैद्याने प्यायचं, दुखणं कुठलं ते पाहायचं, कुणी करणी केली आहे का ते शोधायचं, गाऊन ते उपसून काढायचं. रोग्याने कशाला प्यायचं? एक्स-रे काढायला गेलेला माणूस यंत्र स्वतःच चालवायला मागतो का? पण डॉलर मोजणारा म्हणतो, दृश्यं मला दिसायला हवीत. मग रोगी पितो आणि वैद्य पार्श्वसंगीत देतो. एवढ्या उलट्यांमध्ये ही सर्वांत मोठी उलट कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही. ॲमेझॉनच्या गावात वैद्य आणि चेटक्या यांच्यात भिंत नसते, फार तर पडदा असतो. ज्याला बाण उपटता येतो त्याला मारताही येतो, असा तिथला हिशेब. म्हणून गाव वैद्याला मानतं आणि जपूनही असतं. आपल्याकडच्या भगतांबद्दल ज्याला थोडंफार ठाऊक आहे त्याला हे समजवावं लागणार नाही. परदेशी पाहुण्याला मात्र वैद्य म्हणजे नुसती प्रेमळ, सर्वज्ञ, भांडणतंटा नसलेली आजी हवी असते. मत्सर, करणी, शेजाऱ्याशी वैर या खऱ्या दुखण्यांची जागा आता ‘बालपणीचा आघात’ आणि ‘करिअरमधली पोकळी’ यांनी घेतली आहे. आजीबाईही शहाण्या आहेत, गिऱ्हाईक आणेल ते दुखणं काढतात.

औषधात दम नाही असं आम्ही म्हणत नाही. ब्राझीलच्या नाताल शहरात कुठल्याच गोळ्यांनी बरं न वाटणाऱ्या 29 नैराश्यग्रस्तांवर प्रयोग झाला, निष्कर्ष 2019 मध्ये छापून आले. निम्म्या लोकांना खरा काढा, निम्म्यांना खोटा. खोटाही असा की कडू, तपकिरी आणि वर जस्ताचा क्षार घालून मळमळ आणणारा, म्हणजे कुणाला पत्ता लागू नये. सातव्या दिवशी खरा प्यायलेल्यांपैकी 64 टक्क्यांना लक्षणीय उतार, खोटा प्यायलेल्यांपैकी 27 टक्क्यांना. चांगलंच आहे. माणसं थोडी आहेत, पण आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीत झाला. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या चालू असताना हा काढा पोटात गेला तर जिवावर बेतू शकतं, आणि ज्याच्या घराण्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे त्याने त्या वाटेला न जाणं बरं. चांगली केंद्रं हे सगळं आधी फॉर्मवर विचारतात. फॉर्मवर लोक खरं लिहितात, या श्रद्धेला आमचा नमस्कार. आणि ‘थोडा बाटलीत भरून आणतो’ म्हणणाऱ्यांसाठी: डीएमटी आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. विमानतळावर जी दृश्यं दिसतील त्यांना इकारो नसतो.

या वेलीवर डोळा ठेवणारे आजचे नव्हेत. 1986 मध्ये एका अमेरिकी गृहस्थाने तिच्या एका वाणाचं पेटंट घेतलं. वाणाला नावही दिलं: ‘दा वाइन’. ॲमेझॉन खोऱ्यातल्या जमातींच्या संघटनेला हे कळून ती भांडायला उभी राहिली तोवर 1999 उजाडलं. आमची ही वेल पूजेची, पिढ्यान्‌पिढ्यांची, असं त्यांनी सांगितलं. पेटंट कचेरीने त्याच वर्षी पेटंट रद्द केलं, पण कारण काय? तर शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये तसल्याच वेलीचे वाळवून चिकटवलेले नमुने आधीपासून होते. पिढ्या मोजल्या गेल्या नाहीत, पुठ्ठा मोजला गेला. पुढे 2001 मध्ये त्या गृहस्थांना पेटंट परत मिळालं, आणि 2003 मध्ये ते मुदत संपून मेलं. आपल्या हळदीचं तेच झालं होतं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट 1995 मध्ये निघालं आणि माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढ्यात टाकून 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्याकडे छापलेले कागद होते, पगारी शास्त्रज्ञ होते आणि वकिलांना द्यायला सरकारी पैसा होता. आजीने लावलेली हळद तिथेही पुरावा म्हणून चालली नाहीच.

पेरूच्या सरकारने 2008 मध्ये आयाहुआस्काचं पारंपरिक ज्ञान राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. त्या ठरावातच त्यांनी व्यापारी, चंगळखोर, संदर्भ तोडून केलेल्या पाश्चात्त्य वापरापासून ते वेगळं काढलं आहे. आता कुठल्याही केंद्राच्या संकेतस्थळावर ‘राष्ट्रीय वारसा’ एवढं ठळक दिसेल. पुढचं वाक्य जागेअभावी राहिलं असावं.

गिऱ्हाइकी आली की गावाचं काय होतं याचा धडा मेक्सिकोत आधीच गिरवून झालाय. ओआहाकातल्या माझातेक जमातीच्या मारिया साबिना या बाईंनी 1955 मध्ये एका अमेरिकी बँकरला भास घडवणाऱ्या अळंब्यांच्या रात्रीच्या पूजेत बसवून घेतलं. त्याने 1957 मध्ये ‘लाइफ’ मासिकात सचित्र लेख लिहिला. नाव-गाव बदललं होतं, पण हिप्पींना पत्ता सापडलाच. झुंडी आल्या, मागून पोलीस आले, गाव बाईंवर उलटलं, त्यांचं घर जाळलं. 1985 मध्ये त्या गरिबीतच गेल्या. आता त्यांचा चेहरा टी-शर्टवर असतो.

आणि 2018 मध्ये पुकाल्पाजवळच्या व्हिक्टोरिया ग्रासिया गावात ओलिव्हिया आरेव्हालो या 81 वर्षांच्या शिपिबो वैद्य आणि गायिकेला तिच्या घरापाशी गोळ्या घालून मारलं. संशय गेला वनौषधी शिकायला आलेल्या एका कॅनेडियन माणसावर, आणि जमावाने त्याला ठार मारलं, मोबाइलवर चित्रण करत. दोन्ही घटना भीषण. जगभरच्या मथळ्यांत मात्र बहुतेक ठिकाणी कॅनेडियन आधी आला आणि आजीबाई नंतर.

मार्च 2020 मध्ये पेरूने सीमा बंद केल्या आणि केंद्रं ओस पडली. ज्यांच्या हाती जगाचे घाव भरायची किमया आहे त्या शिपिबोंच्या वस्तीत करोना घुसला तेव्हा पुकाल्पाच्या इस्पितळांत प्राणवायू नव्हता. जमातीतल्या तरुणांनी ‘कोमांदो मातिको’ नावाचं पथक काढलं, मातिको नावाच्या झाडाचा पाला उकळून वाफारे देत घरोघर हिंडले. पाल्याने किती बरे झाले आणि किती आपोआप, हा वाद डॉक्टरांनी खुशाल घालावा. रोग्याच्या उशाशी माणूस येऊन बसत होता, जे तेव्हा कुणीच करत नव्हतं. या उपचारात दृश्यं दिसत नाहीत, त्यामुळे त्याचं पॅकेज निघालं नाही.

आमच्या स्नेह्यांना आम्ही विचारलं, सान्ता क्लारा दे उचुन्या हे नाव कानावर आलं का? नव्हतं आलं. हेही शिपिबोंचंच गाव, त्याच उकायाली प्रांतात. पामतेलाच्या लागवडीसाठी त्याच्या पिढीजात जमिनीवरचं सुमारे सात हजार हेक्टर जंगल साफ झालं, लोक वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालताहेत, पुढाऱ्यांना धमक्या येताहेत. जंगल नसेल तर वेल कुठून आणणार, एवढा साधा प्रश्न. “आम्ही तिथे राजकारण बोलत नव्हतो,” स्नेही म्हणाले. “एनर्जी बिघडते.”

शेवटच्या दिवशी बायका केने नक्षीची कापडं घेऊन आल्या होत्या, मालोकाबाहेर पसरून बसल्या. चक्रव्यूहासारख्या रेघा, हाताने रंगवलेल्या, काही भरतकामाच्या. यातली प्रत्येक नक्षी म्हणजे गाणं असतं म्हणे. स्नेह्यांनी एक उचललं, शंभर सोल सांगितले, सत्तरला पाडलं. आम्हाला दाखवताना म्हणाले, “अगदी ओरिजिनल आहे. घासाघीस करावी लागते, नाहीतर टूरिस्ट समजतात.”

कापड खरंच देखणं होतं. आईंनी भाजीचे हात पदराला पुसून ते हातात घेतलं, टाके उलट बाजूने पाहिले आणि विचारलं, “रात्रभर गायल्या म्हणतोस त्या. त्यांना किती देतात रे रात्रीचे?”

स्नेह्यांना वेलीचं लॅटिन नाव पाठ होतं. विकराचं पाठ होतं. आपल्या गाण्यात नदी आली होती की साप, तेही पाठ होतं.

“ते पॅकेजमध्ये इन्क्लुडेड असतं गं, आई.”