घोडा घ्यावा की दाणे साठवावेत?

आमच्या आळीतले अण्णा सध्या पेचात आहेत. जमिनीच्या पैशातून गाडी झाली, गळ्यात साखळी झाली. कमर मात्र मोकळीच. परवाना हातात आहे, घोडा नाही. जुनं .३२चं रिव्हॉल्वर घ्यावं, की नव्यासाठी आणखी वर्षभर पैसे साठवावेत?

जुनं दाखवायला आलेले गृहस्थ म्हणाले, "एकदाही उडवलेलं नाही, अण्णा. फक्त लग्नकार्यात कमरेला." अण्णांनी चक्री फिरवून पाहिली. जरा डुगडुगली. मुठीवरचं पॉलिश गेलं होतं; तळहाताने नव्हे, झब्ब्याला घासून.

नव्याचं म्हणाल, तर २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने खास महिलांसाठी 'निर्भीक' काढलं, तेच तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होतं. निर्भीक व्हायचं तर आधी पासबुक निर्भीक हवं.

बरं, घेऊन करायचं काय? २०१९च्या दुरुस्तीनंतर वरातीत बेफिकिरीने हवेत बार काढला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गावात खरी धुमश्चक्री उडते ती निवडणुकीत. नेमका तेव्हाच शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. म्हणजे संकटकाळी घोडा पागेत आणि अण्णा पायी.

शेवटी वहिनींनीच निकाल दिला, "अहो, त्यापेक्षा झब्बा जरा सैल शिवून घ्या आणि चालताना कमरेवर हात ठेवा. आत काय आहे, कोण बघायला येतंय?"

अण्णांनी शिंप्याला फोन लावलाय.